माल उतरेना, माणसं उतरेनात: जिंगतांग बंदराबाहेर अडकलेल्या एका जहाजाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

मुंबईत मुख्यालय असलेल्या एका कंपनीचं, भारतीय ध्वजाचं कोळसावाहू जहाज १३ जून २०२० रोजी चीनच्या हपेई प्रांतातल्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. जहाजावर २३ माणसं होती, सगळी भारतीय. पोटात ऑस्ट्रेलियाचा सुमारे १ लाख ७० हजार टन कोळसा होता. जहाज तिथून हललं ते जानेवारी २०२१मध्ये. मधल्या सात महिन्यांत कोळशाचा एक टनही उतरला नाही आणि एकाही माणसाला घरी जाता आलं नाही.

त्या वेळी याच्या बातम्या पुष्कळ झाल्या. त्या बहुतेक भारत-चीन तणावाच्या चौकटीत बसवलेल्या होत्या. मला मात्र हे प्रकरण जागतिक मालवाहतुकीच्या एका जुन्या दुखण्याचा नमुना वाटतं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे. कंपनीचं, जहाजाचं वा कुणा व्यक्तीचं नाव घेतलेलं नाही. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यापेक्षा निर्णय नेमके कुठे अडले, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

पार्श्वभूमी

दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

पहिली म्हणजे कोविड. एरवी बोटीवरचा माणूस करार संपला की पुढच्या सोयीच्या बंदरात साइन ऑफ करतो, म्हणजे जहाज सोडतो, त्याचा रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, तिथेच चढतो आणि हा विमानानं घरी येतो. मार्च २०२०मध्ये ही साखळी जगभर तुटली. भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली आणि बंदरांनी दारं लावून घेतली. एप्रिलमध्ये आपल्याकडे खलाशांच्या चढण्या-उतरण्यासाठी कार्यपद्धती ठरली. पण ती भारतीय बंदरांपुरती होती. चीनच्या बंदराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. वर्ष संपेपर्यंत करार संपूनही जहाजांवर अडकलेल्यांचा जागतिक अंदाज चार लाखांवर गेला होता.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलिया आणि चीन यांच्यातल्या बिघाडाची. विषाणूच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी, अशी मागणी ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०२०मध्ये केली. मे महिन्यात चीननं ऑस्ट्रेलियन जवावर मोठं आयातशुल्क लावलं. ऑक्टोबरात चिनी वीज कंपन्यांना आणि पोलाद कारखान्यांना ऑस्ट्रेलियन कोळसा घेणं थांबवा असं सांगितलं गेलं, तेही तोंडी. लेखी बंदी नव्हती, त्यामुळे दाद मागायला कागदच नव्हता. बंदी असती तर ‘इथे माल उतरणार नाही’ असं गृहीत धरून सगळ्यांना हिशेब करता आला असता. इथे रोज फक्त ‘अजून परवानगी नाही’ एवढंच उत्तर येत होतं.

हे जहाज ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ग्लॅडस्टनला मे महिन्यात भरलं होतं. म्हणजे ते निघालं तेव्हा कोळशावर तोंडी बंदीही आलेली नव्हती.

जहाज कोणाच्या शब्दावर चालतं

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. कोकणातल्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर जातात, त्या घरांतही हा हिशेब सहसा कुणी समजावून सांगत नाही.

जहाज मालकाचं असतं. पण मालक ते बहुधा भाड्यानं देतो. ज्याला दिलं तो चार्टरर. चार्टरर ते पुढे आणखी कुणाला एका फेरीपुरतं देऊ शकतो. पोटातला माल तिसऱ्याचा असतो. विकणारा एक, घेणारा दुसरा. जहाज कुठे जायचं, कुठे थांबायचं, हे कॅप्टनला चार्टररकडून कळतं. मालक कॅप्टनचा पगार देतो, पण मार्ग ठरवत नाही. कोळसा अमुक बंदरात उतरवू, असं वचन बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, दिलेलं असतं. मालकानं स्वतःच्या मनानं जहाज दुसरीकडे वळवलं तर तो करारभंग ठरू शकतो, आणि त्या वळणात काही अपघात झाला तर पी अँड आय क्लबचं, म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमासंस्थेचं, विमासंरक्षणही धोक्यात येतं.

आता थांबण्याचा हिशेब पाहा. ठरल्यापेक्षा जास्त दिवस जहाज अडकून पडलं, तर डेमरेज, म्हणजे त्या उशिराची ठरलेली भरपाई, लागतं. दिवसाचं भाडं चालू राहतं. थांबण्याचा प्रत्येक तास कुणी कुणाला भरून द्यायचा, याची कलमं शेकडो वर्षांच्या व्यापारातून घासूनपुसून तयार झालेली आहेत. माल थांबला तर त्याची किंमत ठरलेली, जहाज थांबलं तर त्याचीही ठरलेली. माणूस थांबला तर? त्याचा महिन्याचा पगार चालू राहतो, तेवढंच. करारापेक्षा जास्त राहिला म्हणून या साखळीतल्या कुणावरही वाढता दंड बसत नाही. त्यामुळे माणसाच्या थांबण्याचा धक्का व्यवहाराला बसतच नाही. माझ्या मते या प्रकरणाची मुळी इथे आहे.

अडचण: जहाजावर आणि घरी

हे पगार बुडवून वाऱ्यावर सोडलेल्या जहाजाचं प्रकरण नव्हतं. तशा जहाजांसाठी सागरी श्रम संकेत, २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) मध्ये आता निदान एक उपाय आहे. १८ जानेवारी २०१७पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार मालकाला विम्यासारखी आर्थिक हमी ठेवावी लागते. दोन महिन्यांचा पगार थकला, खाणंपिणं बंद झालं किंवा घरी पाठवायला नकार दिला, तर त्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी जाण्याचा खर्च निघतो. इथे मालक प्रतिष्ठित होता आणि माणसं बदलायची त्याचीही इच्छा होती. आणि म्हणूनच कायदा नेमका कुणावर लावायचा, हे कुणाला कळेना.

त्याच संकेतानुसार खलाशाला जहाजावर सलग ठेवण्याची मर्यादा व्यवहारात अकरा महिन्यांची मानली जाते. भारतानं तो २०१५मध्ये मान्य केला, चीननंही त्याच वर्षी. म्हणजे ध्वजाचा देश आणि बंदराचा देश, दोघेही बांधील होते. तरी वर्ष संपताना या जहाजावर करार केव्हाच संपलेली माणसं होती.

सात महिने नांगरावर राहणं म्हणजे आराम, असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटू शकतं. प्रत्यक्षात काम संपत नाही. वॉच, म्हणजे पाळीपाळीनं पहारा, चालू असते, कारण वाऱ्यानं नांगर घसरू शकतो आणि आजूबाजूला तशीच डझनावारी जहाजं उभी असतात. कोळसा हा झोपलेला माल नव्हे. तो आतल्या आत तापतो, वायू सोडतो. त्याचं तापमान आणि होल्डमधला (माल भरायच्या कोठीतला) कार्बन मोनॉक्साइड, मिथेन सतत मोजावा लागतो. बहुतेक जहाजांवर गोडं पाणी तयार होतं ते मुख्य इंजिनाच्या उष्णतेवर, समुद्राचं पाणी तापवून. नांगरावर इंजिन बंद, शिवाय बंदराजवळचं पाणी घाण. त्यामुळे पाणी बाहेरून बोटीनं मागवावं लागतं, आणि ते मिळणं किनाऱ्याच्या मर्जीवर. बोहाय समुद्राकाठचा हिवाळा शून्याखाली जातो. किनारा इतका जवळ, पण तिथे पाऊल टाकायची परवानगी नाही.

औषधांचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड असलेली माणसं बोटीवर असतात. ती कराराच्या महिन्यांपुरत्या गोळ्या घेऊन चढतात. औषधं संपत आली आहेत, मनं खचत चालली आहेत, अशा तक्रारी खलाशांच्या संघटनेनं आणि कुटुंबांनी पुन्हा पुन्हा मांडल्या. वैद्यकीय मदत आणि क्रू बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसमोर त्या एकाच अर्जात गेल्या, आणि एकाच कारणानं अडल्या: साथीचे नियम.

घरी काय होत होतं? अलॉटमेंटचे, म्हणजे पगारातून थेट घरी पाठवले जाणारे, पैसे दर महिन्याला येत होते, म्हणून शेजारपाजारच्यांना सगळं ठीक वाटत होतं. कंपनीला फोन केला की ‘प्रयत्न चालू आहेत’ असं उत्तर यायचं. ते खरंही असेल. पण कसले प्रयत्न, कुणाकडे, कधीपर्यंत, हे घरच्यांना कळलं ते मुख्यतः बातम्यांतून.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, रांगेत थांबणं. जून-जुलैमध्ये हा निर्णय समजण्यासारखा होता. चिनी बंदरांत गर्दी होती, आयातीवर कोट्याची मर्यादा होती, आणि महिना-दोन महिने थांबणं कोळशाच्या धंद्यात नवं नाही.

दुसरा, कोळसा दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला विकून जहाज तिकडे नेणं. ऑक्टोबरनंतर काही जहाजांनी हा मार्ग घेतला. पण चीनच्या आत कोळशाचे भाव चढले होते आणि चीनबाहेर ऑस्ट्रेलियन कोळशाचे पडले होते. माल बाहेर विकायचा तर कुणीतरी ती मोठी खोट खायची. ती खायला ना घेणारा तयार होता ना विकणारा. कायद्यानं बांधून ठेवलेल्यापेक्षा या भावफरकानं जहाजाला जास्त घट्ट बांधून ठेवलं, असं माझं मत आहे.

तिसरा, जिंगतांगलाच, अँकरेजवर, म्हणजे जहाज नांगरून उभं होतं तिथेच, क्रू बदलणं. माल राहू द्या, माणसं बदला. माणुसकीच्या दृष्टीनं हाच सर्वांत सरळ मार्ग. पण स्थानिक प्रशासन तो नाकारत राहिलं.

चौथा, माल पोटात तसाच ठेवून तिसऱ्या देशात जायचं, तिथे माणसं बदलायची आणि मग पुढचं पाहायचं. यात इंधन, प्रवासाचे दिवस, रांगेतली जागा जाण्याची भीती आणि करारभंगाचा दावा, असं सगळं अंगावर घ्यावं लागणार होतं. घ्यायचं कुणी, हा प्रश्न होता.

काय केलं गेलं

पहिले काही महिने बहुतेक हालचाली कंपनी, चार्टरर आणि त्यांचे वकील यांच्यातच राहिल्या. वाद कराराच्या भाषेत चालू होता.

खलाशांची संघटना मुंबईत, नौवहन महासंचालनालय मुंबईत, कंपनीही मुंबईतच. तरीही प्रकरण हललं ते माणसांची कैफियत लोकांसमोर आल्यावर. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत संघटनेनं वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला बरोबर घेऊन सरकारकडे, चीनकडे आणि माल-जहाजाशी संबंधित कंपन्यांकडे मागणी लावून धरली. याच सुमारास जवळच्याच त्साओफेइदियान बंदराबाहेर २० सप्टेंबरपासून अडकलेल्या दुसऱ्या जहाजावरचे १६ भारतीयही चर्चेत आले. दोन जहाजं मिळून ३९ माणसं झाली, आणि आकडा मोठा झाल्यावर लक्ष गेलं.

बीजिंगमधल्या भारतीय दूतावासानं केंद्रीय आणि प्रांतीय पातळीवर बोलणी केली. जहाजाला धक्क्याला लागू द्या, नाहीतर निदान माणसं बदलू द्या, एवढीच मागणी होती. डिसेंबरअखेर परराष्ट्र मंत्रालयानं जाहीरपणे नोंदवलं की या जहाजांनंतर आलेली काही जहाजं माल उतरवून निघूनही गेली आहेत आणि याचं कारण स्पष्ट नाही. चीनची बाजू अशी होती की जहाजाला निघून जायला कुणी अडवलेलं नाही. संबंधित कंपन्याच व्यापारी हितासाठी बेत बदलायला तयार नाहीत.

चीनच्या या उत्तरावर आपल्याकडे संताप व्यक्त झाला. संताप योग्यच होता, कारण बंदराच्या देशावरही सागरी श्रम संकेताचं बंधन आहे आणि आजारी माणसाला किनाऱ्यावर न घेणं कोणत्याही सबबीनं पटत नाही. पण त्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपण टाळला. नांगर उचलायला खरोखर कुणी मनाई केली नव्हती. नांगर उचलण्याची किंमत मोजायला साखळीतलं कुणी पुढे येत नव्हतं.

शेवटी कंपनीनं चौथा पर्याय घेतला. जानेवारी २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रीय नौवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की जहाज क्रू बदलासाठी जपानमधल्या चिबा बंदराकडे निघत आहे. कंपनीनं खलाशांबाबत माणुसकीची भूमिका घेतली, असाही उल्लेख त्यांनी केला.

निष्पत्ती

चिबाला माणसं बदलली आणि अडकलेले २३ जण भारतात परतले. दुसऱ्या जहाजावरच्या १६ जणांचीही सुटका जपानमध्येच झाली, फेब्रुवारीत. म्हणजे ज्या मार्गानं प्रश्न सुटला, त्यात चीनची परवानगी लागलीच नाही.

त्याच काळात कागदावरही काही हललं. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं खलाशांना अत्यावश्यक कामगार मानण्याचं आवाहन करणारा ठराव केला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की साथीचं कारण पुढे करून सरकारांना खलाशांचे मूलभूत हक्क अमर्याद काळ बाजूला ठेवता येणार नाहीत. जानेवारी २०२१मध्ये शेकडो कंपन्यांनी क्रू बदलाचा प्रश्न सोडवण्याचं वचन देणाऱ्या नेपच्यून जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे २०२२मध्ये सागरी श्रम संकेतात सुधारणा झाल्या आणि २३ डिसेंबर २०२४पासून त्या लागू आहेत. तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या खलाशाला ताबडतोब किनाऱ्यावर घेणं आणि जहाजावर संपर्काची सोय देणं, या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. सात महिने किनाऱ्याकडे पाहत काढलेल्यांसाठी हे उशिरा आलं, पण आलं.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

माझ्या वाचनात खरी चूक जूनमध्ये थांबण्याची नाही. चूक ही की थांबण्याला शेवटची तारीख नव्हती. पहिल्याच दिवशी जहाजावरच्या प्रत्येकाची करार संपण्याची तारीख समोर ठेवून ‘अमुक माणसाचे अकरा महिने भरले की जहाज हलणार’ असं लेखी ठरवून चार्टररला कळवता आलं असतं. मग प्रत्येक आठवड्याला ‘आणखी थोडं थांबू’ हा नवा निर्णय घ्यावा लागला नसता. सगळे जण एकेक आठवडा थांबले, आणि त्याचे सात महिने झाले.

दुसरी जागा ऑगस्ट-सप्टेंबरची. २०२०च्या उत्तरार्धात मनिला, सिंगापूर अशा ठिकाणी कडक अटींवर क्रू बदल सुरू झाले होते. बाल्टिक अँड इंटरनॅशनल मेरिटाइम कौन्सिल, म्हणजे बिम्को, या जहाजमालकांच्या जुन्या संस्थेनं जून २०२०मध्येच क्रू बदलासाठी मार्ग वाकडा करायला मुभा देणारं नमुना कलम प्रसिद्ध केलं होतं. मे महिन्यात भरलेल्या जहाजाच्या करारात ते असणं शक्य नव्हतं. पण ते पुढ्यात ठेवून चार्टररशी खर्चाच्या वाटणीचं बोलणं करता आलं असतं. दुर्दैवानं त्या वर्षी उलटी लाटही होती. जहाजभाड्याच्या करारात ‘आमचा माल असेपर्यंत क्रू बदलायचा नाही’ असं कलम घालणारेही निघाले, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला त्यांचा जाहीर निषेध करावा लागला.

तिसरी गोष्ट मालाच्या मालकांची. सात महिन्यांत सगळे प्रश्न जहाजमालकाला आणि चीनला विचारले गेले. कोळसा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला फारसं कुणी विचारलं नाही. पोलाद कारखाने आणि खाणकंपन्या आपल्या अहवालांत कामगारांच्या सुरक्षिततेची पानंच्या पानं छापतात. त्यांचा माल पोटात धरून बसलेल्या माणसांचा त्यांत उल्लेख नसतो. भावफरकाची खोट तिघाचौघांत वाटून घेतली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम त्या व्यवहाराच्या मानानं सोसण्याजोगी झाली असती. यासाठी सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारा लागतो. ध्वज भारताचा होता, त्यामुळे हे काम आपल्या प्रशासनाला पहिल्या तीन महिन्यांतच अंगावर घेता आलं असतं.

चौथी, औषधांची. क्रू बदलाचा अर्ज आणि वैद्यकीय मदतीचा अर्ज पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवायला हवा होता. क्रू बदल नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रक्तदाबाच्या गोळ्याही नाकारतो’ असं लेखी देणं जड गेलं असतं. गोळ्यांची यादी, प्रत्येकाच्या किती दिवस पुरतील त्याची नोंद, आणि ती दर आठवड्याला दूतावासाकडे पाठवणं, हे करायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आणि घरच्यांची बाजू. कंपनीत एक ठरावीक माणूस, त्याचा एक ठरावीक फोन, आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी सगळ्या कुटुंबांना एकत्र दिलेली माहिती, बातमी नसली तरी ‘या आठवड्यात काही घडलं नाही, अमुक पत्राचं उत्तर आलेलं नाही’ एवढी तरी. आपल्या भागात बोटीवर जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे, की साइन ऑन करताना, म्हणजे मुलगा करारावर सही करून जहाजावर चढताना, पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. करार संपल्यावर जहाज दूर कुठे अडकलेलं असेल तर कंपनी काय करणार, आणि अडचण आली तर मुंबईतल्या ऑफिसात तुमच्याशी बोलणारा माणूस कोण. ही उत्तरं लेखी मागा. देणारी कंपनी देते.